चासीला येणारा वाफसा

आमचे दाजी मंगळवेढ्याचे. पाऊस उघडला की त्यांची जीप शेतातून थेट आमच्या सोलापूरच्या दारात येते, निम्मं रान पोटाखाली घेऊनच. "दाजी, खालनं धुवा की एकदा," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "गंज कोकणात ओ. आपल्याकडं हवाच कोरडी. माती वाळली की पडती आपोआप."

यातलं हवेचं बोलणं निम्मं खरं आहे. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असली तर स्वच्छ लोखंड फार सावकाश गंजतं, आणि सोलापूरचा पाऊसही जेमतेमच. पण दाजींच्या चासीला, म्हणजे जीपच्या खालच्या सांगाड्याला, सोलापूरची हवा लागतेच कुठे? तिला लागते काळी माती.

बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. वहीच्या पानांसारखे त्याचे थर, आणि पानापानांत पाणी शिरतं. सगळी पानं उलगडून मोजली तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ 700 चौरस मीटरच्या आसपास भरतं. म्हणून तर पाऊस गेल्यावरही नुसत्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. ज्या गुणावर आपली भाकरी पिकते, तोच गुण मडगार्डाच्या आत चिकटून बसतो.

आता मला आवडणारा भाग. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो हे शाळेत शिकलो. मग जिथे ऑक्सिजन जास्त, तिथे लोखंड जास्त खाल्लं जाणार, असं वाटतं. होतं उलटं. केंब्रिजचे गंजाचे अभ्यासक युलिक एव्हान्स यांच्या नावाने एक प्रयोग ओळखला जातो. घासलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यात फिनॉल्फ्थेलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड घालायचं. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा. निळा म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजन वापरला जाऊन अल्कली तयार होतेय.

कडेला हवा जवळ, मध्यभागी लांब. आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो. मधल्या लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे टाकून आयन (विद्युतभारित कण) होऊन पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे धावतात, तिथे ऑक्सिजन आणि पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. दोन्ही आयन पाण्यात वाटेत भेटतात, आणखी ऑक्सिजन मिळाला की तांबडा गंज बसतो. म्हणजे छोटी बॅटरीच, ऋण आणि धन टोकं एकाच पत्र्यावर. दगड लागून रंग उडालेल्या जागी मातीचं ढेकूळ बसलं की हेच घडतं. गंज दिसतो कडेला, भोक पडतं ढेकळाखाली.

आणि हे सगळ्यात जोरात केव्हा चालतं? माती चिंब असेल तर तिच्यातून ऑक्सिजन पोचत नाही. ठणठणीत वाळली तर आयनांना वाहायला पाणी नाही. मधली अवस्था सगळ्यात वाईट: कणांमध्ये पाणीही आहे, हवाही आहे. शेतकरी तिलाच वाफसा म्हणतो आणि पेरणीला निघतो. चासीला वाफसा आला की गंजाची पेरणी होते. मातीत किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर बघायलाच नको. ते हवेतला ओलावा ओढून हा वाफसा टिकवतात.

म्हणून रविवारी टपावर दोन बादल्या ओतून फडकं मारणं हा प्रकार मला बघवत नाही. ते पाणी ओघळून खालच्या वाळत आलेल्या मातीला पुन्हा पाजलं जातं. न धुतलेलं परवडलं. धुवायचं तर खालूनच. आधी भिजवून, मग मडगार्डाच्या आतली कड, चासीच्या पोकळ भागातली भोकं, स्प्रिंगच्या पाट्यांचे सांधे, असं भरपूर पाणी सोडून, गढूळ पाणी थांबेपर्यंत. नंतर गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे वाळते. धुतल्यावर ब्रेकच्या डिस्कवर नारिंगी पापुद्रा दिसला तर घाबरू नका, चार ब्रेक मारले की जातो. खालून डिझेल मारायची हौस मात्र सोडा, रबरी बुश फुगतात.

बॅटरीला जोडायचा "इलेक्ट्रॉनिक गंजरोधक" डबाही विकला जातो. जहाजाला, जमिनीतल्या पाइपलाइनला विजेने वाचवता येतं हे खरं, कारण त्यांच्याभोवती सलग ओल असते आणि तिच्यातून मंडल पुरं होतं. जीपच्या भोवती हवा आहे. त्यापेक्षा बंपरला लटकणारं लिंबू-मिरची स्वस्त, काम दोन्हींचं सारखंच.

परवा दाजी पेचकस घेऊन स्वतः गाडीखाली सरकले. मागच्या मडगार्डाच्या आतलं वाळकं ढेकूळ उचकटलं, तर त्याच्याबरोबर नाण्याएवढा पत्रा हातात आला. शेजारच्या तांबड्या पट्ट्यावर त्यांनी पेचकस आपटून पाहिला. तो पट्टा ठणठण वाजत होता.