दोन रेषा आल्या, आता थायरॉइडच्या गोळीचं काय?

प्रेग्नन्सी किटवर दोन रेषा दिसल्या की घरातून पहिली सूचना येते ती म्हणजे 'आता कुठलीच गोळी घेऊ नकोस गं, बाळाला बाधेल', आणि सांगणारी आई असो नाहीतर सासू, काळजीनेच सांगत असते. पेनकिलरच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण जिला आधीपासून हायपोथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी हार्मोन कमी बनवते, आणि रोज सकाळी ५० नाहीतर ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच हार्मोनची, गोळी चालू आहे, तिने ती बंद केली तर नको तेच होतं, कारण नेमकं याच दिवसांत तिला थायरॉइडचं हार्मोन जास्त लागतं.

का लागतं ते बघण्यासारखं आहे. किटवरची ती दुसरी रेषा उमटते एचसीजी नावाच्या हार्मोनमुळे. आता हे एचसीजी आणि आपल्या रिपोर्टमधलं टीएसएच (मेंदूतून येणारं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की उतरतं), दोघांची बांधणी अर्धी एकसारखी असते, त्यामुळे एचसीजी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीलाही डिवचतं आणि ग्रंथी जास्त हार्मोन बनवायला लागते. तिकडे इस्ट्रोजेन वाढल्यामुळे लिव्हर टीबीजी हे प्रथिन जास्त तयार करतं, ते रक्तातलं थायरॉक्सिन धरून ठेवतं, आणि धरून ठेवलेलं थायरॉक्सिन पेशींना वापरता येत नाही, म्हणजे एकूण साठा वाढवावाच लागतो. शिवाय प्लासेंटा म्हणजे वार, तीही थोडं थायरॉक्सिन मोडून टाकते. निरोगी ग्रंथी हे सगळं निमूट निभावून नेते आणि बाईला पत्ताही लागत नाही. पण हाशिमोटोमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते त्या आजारामुळे, जिची ग्रंथी थकलीय किंवा ऑपरेशनमध्ये काढूनच टाकलीय, तिच्या बाबतीत एचसीजीने कितीही डिवचलं तरी तिथून फारसं काही येणार नाही, मग ती वाढ गोळीतूनच द्यावी लागते.

किती वाढ? साधारण ३० ते ५० टक्के. बोस्टनच्या डॉक्टरांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासात २० पैकी १७ गर्भारपणांत डोस वाढवावा लागला होता, पहिल्या अर्ध्या काळात सरासरी ४७ टक्के, आणि काहींना तर पाचव्या आठवड्यातच. पाचवा आठवडा हा शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पाळी चुकून जेमतेम एक आठवडा झालेला असतो! आपल्याकडे तेव्हा निम्म्या जणी 'थोडे दिवस थांबू, नक्की झालं की दाखवू' असं म्हणत असतात, आणि तिकडे बाळाच्या मेंदूची सुरुवात आईच्या थायरॉक्सिनवरच चाललेली असते, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी १२ व्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते आणि पुरेसं हार्मोन बनवायला १८-२० आठवडे उजाडतात.

म्हणून खरी वेळ आधीची आहे. मूल हवंय असं ठरलं की टीएसएच करून घ्यायचं, ते २.५ च्या खाली आणायचं, आणि डॉक्टरांना तेव्हाच विचारून ठेवायचं की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्या दिवसापासून मी काय करू. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचा २०१७ चा सल्ला साधा आहे, आठवड्याला सात गोळ्या घेत असाल तर नऊ करा, म्हणजे दोन दिवस डबल, आणि लगेच डॉक्टरांना कळवा. अर्थात आपल्या डॉक्टरांनी आधी हो म्हटलेलं असेल तरच, मनाने नाही. मग निम्मे दिवस भरेपर्यंत, म्हणजे साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत, दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि ३० व्या आठवड्याच्या सुमारास आणखी एकदा.

आता रिपोर्ट. लॅबच्या कागदावर छापलेली रेंज सहसा गरोदर नसलेल्या माणसाची असते. एचसीजीने ग्रंथी आधीच पळत असल्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच खाली येणं नॉर्मल आहे, विशेषतः खूप उलट्या होत असतील तेव्हा, त्यामुळे नवव्या आठवड्यात ०.२ आलं म्हणून लगेच हायपर, म्हणजे ग्रंथी जास्त काम करण्याचा आजार, झाला असं नसतं. वरच्या बाजूला मात्र गोंधळ आहे. २०११ च्या गाइडलाइनमध्ये पहिल्या तिमाहीची मर्यादा २.५ होती, २०१७ मध्ये स्थानिक रेंज नसेल तिथे ती ४ च्या आसपास नेली, पण २.५ हा आकडा लोकांच्या आणि काही डॉक्टरांच्याही डोक्यातून जात नाही. ज्या बाईला कधीच थायरॉइड नव्हता तिचं ३.१ आलं की ती रडकुंडीला येते, जाऊबाई म्हणतात बाळ मंद होईल, आणि हा धाक मला तरी फार वाईट वाटतो.

धाक आला कुठून तर १९९९ च्या अमेरिकन अभ्यासातून, ज्यात उपचार न झालेल्या हायपोथायरॉइड आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी दिसला होता. पण त्या आयांचं टीएसएच चांगलंच वाढलेलं होतं. पुढे सौम्य केसेसवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१२ आणि २०१७ साली निकाल आले, आणि गोळी दिलेल्या व न दिलेल्या आयांच्या मुलांच्या बुद्धीत फरक सापडला नाही. गोळी सुरूच उशिरा केली, १३-१४ आठवडे उलटल्यावर, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. तरी किंचित वाढलेल्या आकड्यावर झोप उडवून घेण्यात अर्थ नाही, अँटी-टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडवरच हल्ला करणाऱ्या, रक्तात तपासता येणाऱ्या) आहेत का ते बघून डॉक्टर ठरवतात.

घरात सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोळ्यांच्या वेळेचा. चौथ्या महिन्यापासून आयर्न चालू होतं, कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या, आणि बऱ्याच जणी सकाळी एकदाच सगळं गिळून मोकळ्या होतात. आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही पोटात थायरॉक्सिनला धरून बसतात, ते रक्तात नीट जातच नाही, मग टीएसएच वाढतं आणि डोस वाढवला जातो, जेव्हा की बदलायला हवी असते ती वेळ. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि आयर्न-कॅल्शियम कमीत कमी चार तासांनी. सकाळी मळमळ इतकी की गोळी उलटूनच पडते, असं असेल तर रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या खाण्यानंतर तीन-चार तासांनी, फक्त रोज तीच वेळ ठेवायची.

मिठाचंही सांगते. गरोदरपणात दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी १५०. आपल्याकडे ते मुख्यतः आयोडीनच्या मिठातून मिळतं, आणि हल्ली 'नॅचरल' म्हणून रोजच्या भाजी-आमटीत सैंधव घालायची फॅशन आलीय. चतुर्थीच्या उपवासाला सैंधव ठीक, पण नऊ महिने तेच खाऊ नका, त्यात आयोडीन जवळजवळ नसतं. दुसरं टोक म्हणजे समुद्री शेवाळाच्या गोळ्या, त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं, त्या नकोतच.

हायपरथायरॉइड, म्हणजे ग्रेव्हज या आजाराने ग्रंथी जास्त हार्मोन बनवते अशा बायकांची गोष्ट वेगळी. त्यांना हार्मोन कमी करणारी गोळी असते. कार्बिमाझोलने पहिल्या तिमाहीत बाळात व्यंग राहण्याचा धोका थोडा वाढतो म्हणून सुरुवातीला बहुधा पीटीयू हे दुसरं औषध देतात, काहींची गोळी थांबवूनही बघतात, पण हे मनाने अजिबात करायचं नाही. रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार, तर गरोदरपणात बंदच.

बाळंत झाल्यावर डोस साधारण पूर्वीच्या मापावर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात. अंगावर पाजताना थायरॉक्सिन चालतं. आणि पहिल्या वर्षात छातीत धडधड, मग काही महिन्यांनी गळून जाणं, केस झडणं, कशातच मन न लागणं असं झालं तर सगळं जागरणावर आणि बाळंतपणाच्या अशक्तपणावर ढकलू नका, विशेषतः अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असाल तर. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येण्याचा हा आजार साधारण शंभरात पाच जणींना होतो आणि तो एका रक्ततपासणीत कळतो.