लाँगबोर्डवर (लांब स्केटबोर्डवर) स्लाइड शिकायचीय? मग व्हील घ्यायच्या आधी हे वाचून घ्या

दुकानात येणारं दर दुसरं पोट्टं एकच विचारते, "भाऊ, सगळ्यात भारी व्हील कोणते?" आणि आम्ही उलट विचारतो की बाप्पा, चालवणार कोणत्या रोडवर आन वजन किती तुझं. कारण स्लाइड शिकताना पहिला सेट खराबच होतो, कितीही जपा, मग जो सेट खराबच व्हायचाय त्यात कायले एवढे पैसे घालायचे? महागडा सेट विकला तर आमाले दोन पैसे जास्तच सुटतात, तरी सांगून राहिलो.

स्लाइड म्हणजे उतारावर बोर्ड आडवा करून चारही चाकं रोडवर घासत न्यायची आणि वेग तोडायचा. म्हणजे चाक घसरलं पाहिजे. आणि लोक नेमकं घट्ट पकडणारं, मोठं, मऊ चाक घेऊन येतात, कारण ते फिरायला मस्त वाटते. त्याच्यावर स्लाइड मारायला गेलं की चाक जागीच चिकटते आणि माणूस पुढं.

व्हीलवर दोन आकडे छापलेले असतात, समजा 70 मिमी आणि 80ए. पहिला म्हणजे व्यास. शिकायला 65 ते 70 बरा, त्याहून मोठं चाक फिरायला छान पण जड आणि बोर्ड उंच होतो, वळताना लाकडाला घासायची भीती वेगळी. दुसरा आकडा कडकपणाचा, जितका जास्त तितकं चाक कडक. 78ए मऊ, 86ए कडक, आणि शहरातले पोट्टे जे छोटे बोर्ड घेऊन उड्या मारतात त्यांची चाकं 99 आणि वरची. कडक चाक लवकर सुटते, म्हणजे घसरायला लागते, हे खरं, पण आपल्या गावच्या रोडवर, जिथं वरची चुरी उडून गिट्टी उघडी पडलेली, तिथं कडक चाकानं दात वाजतात आणि कधी सुटेल कधी पकडेल काही भरोसा नाही. म्हणून आमचा हिशोब असा: वजन 55 किलोच्या आत असेल तर 78-80, साधारण बांध्याला 80 ते 83, आणि 80 किलोच्या वर असाल तर 83 किंवा 86 घ्या. ओरँगटँग कंपनीचं एक बरं आहे, रंगावरूनच कळते, नारंगी 80ए, जांभळा 83ए, पिवळा 86ए. बाकी कंपन्यांचे रंग बघून मात्र काही ठरवू नका.

आता खरी गोष्ट, जी कोणी विचारतच नाही: चाकाची कड. कड धारदार, काटकोनात असेल तर ती रोडला धरून ठेवते. गोल असेल तर सोडते. शिकायला गोल कडच घ्या, डोळे झाकून. आणि रोडला टेकणारा पट्टा अरुंद पाहिजे, 40 मिमीच्या आसपास, 55-60 चे रुंद पट्टे रेसवाल्यांचे. चाकाच्या आतला कोर, म्हणजे बेअरिंग बसते तो कडक गाभा, मधोमध बसवलेला असला तर अजून चांगलं, कारण एका बाजूनं झिजलं की उलटं करून लावता येते, एका कडेला बसवलेल्या कोरचं चाक सुटते लवकर पण शंकूसारखं झिजते आणि मग ते उलटवूनही कामाचं नाही.

नवीन चाक चकचकीत असेल तर पहिल्याच दिवशी "स्लाइड होत नाही" म्हणून परत आणू नका. ती वरची साल निघेपर्यंत ते पकडणारच. काही चाकं कंपनीतूनच घासून येतात, पांढुरकी, खरबरीत दिसतात, शिकायला तीच घ्या.

फ्लॅटस्पॉट म्हणजे काय ते पण सांगतो. बोर्ड पूर्ण आडवा करून तसाच धरून ठेवला की चाक फिरायचं थांबते, एकाच जागी घासते आणि तिथं चपटं होते. मग घरी जाताना टक टक टक टक, ट्रॅक्टरचं टायर पंक्चर झाल्यासारखं. कडक चाकावर हे जास्त होते. आडवा केला की थोडं घसरू द्या, लगेच सरळ करा. आणि रोज खेळून झालं की चाकं कोनाकोनी बदला, पुढचं डावं मागं उजवीकडं. नट खोलायला खास टूल नसलं तरी चालते, सायकल दुकानातला 13 चा पाना बसतो, थोडा ढिला लागेल पण काम होते. नट आवळताना चाक मोकळं फिरलं पाहिजे, जीव खाऊन आवळू नका.

ऑनलाइन स्वस्तात बोर्ड घेतलाय त्यांनी चाकात नख रुतवून बघा. जरासं दबलं तर पॉलियुरेथेन, म्हणजे चांगल्या चाकाचं रबरासारखं मटेरियल, अजिबातच नाही दबलं आणि टकटक वाजलं तर निव्वळ प्लास्टिक, त्याच्यावर स्लाइड शिकायच्या भानगडीत पडू नका.

रोड कोणता? सगळे विचारतात चिखलदऱ्याचा घाट. नाही. वळणावळणानं टुरिस्टच्या गाड्या येतात, तिथं शिकत नसतात. समृद्धीवर तर मोटरसायकलीलाच बंदी आहे, तुमचा बोर्ड कोण जाऊ देईन. गावाबाहेरचा डांबरी, हलका उताराचा, गाडीघोडा नसलेला तुकडा बघा, सायकलच्या वेगाइतका वेग पुरे. एकदम हळूही नको, हळूत चाक सुटतच नाही. सिमेंट रोडवर रेघा मारलेल्या असतात, चाक खडूसारखं झिजते. दिवाळीच्या आसपास रोडवर सोयाबीन वाळत घालतात ना, तिकडं तर जाऊच नका, एक दाणा चाकाखाली आला तरी आपटता, आणि ज्याचा माल आहे तो वरून शिव्या देईन ते वेगळं. मे महिन्यात सकाळी 6 ला जा, दुपारी डांबर पाघळते आणि चाकाला गिट्टी चिकटते.

हेल्मेटबद्दल बोलायची गरज नाही, त्याशिवाय आम्ही शिकवत नाही. स्लाइड मारताना हात रोडवर टेकवावा लागतो, त्याचे हातमोजे घरीच होतात, वेल्डिंगचे जाड मोजे घ्या, आईच्या जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाचा गोल तुकडा कापून तळव्याला पक्का चिकटवा. नवीन चॉपिंग बोर्ड कापू नका, मागं एका घरून आम्हालाच ऐकून घ्यावं लागलं.

आणि झिजलेली, चपटी झालेली चाकं फेकू नका. दुकानात आणून द्या, नवीन येणाऱ्या पोट्ट्यांना पहिले आठ दिवस आम्ही तीच लावून देतो, फुकट.