अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील रंगद्रव्ये व बंधके

अजिंठ्याच्या (जि. छत्रपती संभाजीनगर) बौद्ध लेण्यांतील चित्रांचे रंग, ते भिंतीला धरून ठेवणारी चिकट द्रव्ये म्हणजे बंधके आणि त्यांखालचा गिलावा यांच्या रासायनिक परीक्षणाचा विषय. चित्रे दोन कालखंडांतली आहेत. लेणी क्र. ९ व १० मधील सर्वांत जुनी चित्रे इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतली मानतात. क्र. १, २, १६ व १७ मधील चित्रांचा काळ जुने अभ्यासक सहाव्या-सातव्या शतकापर्यंत ओढीत. अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी तो पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील जेमतेम दोन दशकांत बसवला. क्र. १६ मध्ये वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा लेख असल्याने पाचव्या शतकाचा उत्तरार्ध हाच काळ येथे धरला आहे.

गिलावा : छिन्नीच्या घावांनी खरबरीत राहिलेल्या बेसॉल्टवर लोहयुक्त मातीचा जाड थर, त्यावर अधिक बारीक मातीचा थर आणि सर्वांत वर पांढरा पातळ हात, अशी रचना आढळते. मातीत भाताचे तूस, गवताचे तंतू व वाळू मिसळलेली असते. पांढऱ्या थरात चुना, केओलीन (पांढरी चिकणमाती) व जिप्सम यांपैकी काय आहे, याविषयी अहवाल एकमुखी नाहीत. लेणे आणि भिंतीचा भाग बदलला की उत्तरही बदलते, असे दिसते.

तंत्राचा वाद : एकोणिसाव्या शतकातील लिखाणामुळे या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि मराठीत तो अजून टिकून आहे. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात; चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो व रंगाचे कण त्यात जखडले जातात, वेगळे बंधक लागत नाही. अजिंठ्याचा गिलावा मुख्यतः मातीचा आहे. मद्रासच्या शासकीय संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात नमुने तपासून येथील चित्रे कोरड्या पृष्ठावर, बंधक मिसळून रंगवलेली, म्हणजे टेम्पेरा पद्धतीची असल्याचा निष्कर्ष काढला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील चोळकालीन चित्रे मात्र त्यांना चुन्यातील फ्रेस्को वाटली. अजिंठ्याबाबतचे त्यांचे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘फ्रेस्को’ हा शब्द येथे टाळावा.

बंधक : बंधक होते हे एकदा मान्य केले, तरी ते कोणते हा प्रश्न उरतोच. डिंक आणि प्राणिज सरस ही दोन नावे नेहमी पुढे येतात. बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात म्हशीचे कातडे उकळून वज्रलेप (एक प्रकारचा सरस) करण्याची कृती आहे. पण तो ग्रंथ चित्रांहून सुमारे सहा शतके नंतरचा, तेव्हा त्याचा आधार बेतानेच घ्यावा. खरी अडचण भिंतीवरच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात नकला करताना चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या लोरेंझो चेक्कोनी या इटालियन चित्रसंवर्धकाच्या दुरुस्तीत लाखेचे रोगण वापरले गेले आणि पुढे पॉलिव्हिनिल अॅसिटेट या कृत्रिम राळेची भर पडली. वटवाघळांच्या विष्ठेतील व कीटकांच्या अवशेषांतील सेंद्रिय द्रव्येही गिलाव्यात मुरली. त्यामुळे अवरक्त वर्णपटात सेंद्रिय पदार्थाची खूण मिळाली, एवढ्यावरून ती मूळ चित्रकाराच्या सरसाची ठरत नाही. थरांचा क्रम पाहूनच ते ठरवावे लागते. टाचणीच्या टोकाएवढा कण राळेत बसवून घासला की सूक्ष्मदर्शकाखाली काप दिसतो : तळाशी तुसाचे तंतू अडकलेली तपकिरी माती, मग पांढरी रेघ, तिच्यावर रंगाचे दाणे आणि सर्वांत वर मधासारखा पिवळा, अतिनील प्रकाशात नारिंगी झळकणारा लाखेचा पापुद्रा. रंगाच्या थरातले द्रव्य त्या पापुद्र्यापासून वेगळे काढता आले, तरच बंधकाविषयी बोलावे.

तुलनेसाठी अफगाणिस्तानातील बामियानचे उदाहरण देतात. तेथील काही गुहांत सातव्या शतकाच्या मध्यातील चित्रांमध्ये अक्रोड वा खसखशीसारखे सुकणारे तेल असल्याचे २००८ मध्ये सिंक्रोट्रॉन (कणत्वरक यंत्र) मधून मिळणाऱ्या तीव्र क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले गेले. त्यावरून अजिंठ्यातही तेल असावे असा तर्क करणे घाईचे होईल.

रंगद्रव्ये : येथे मतभेद कमी आहेत. तांबड्या-पिवळ्यासाठी गेरू व पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, हिरव्यासाठी हिरवी माती. ही हिरवी माती म्हणजे सेलॅडोनाइटसारखी खनिजे. दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत ती सापडतात, म्हणजे हा रंग जवळचाच. निळा मात्र लांबून आलेला आहे. तो राजावर्ताचा (लाजवर्द हा निळा दगड). प्राचीन काळचा त्याचा प्रसिद्ध साठा अफगाणिस्तानातील बदख्शानमध्ये आहे. हा निळा वाकाटक काळातील चित्रांत आढळतो. जुन्या चित्रांची रंगपेटी गेरू, पिवळा, काळा, पांढरा व हिरवा एवढ्यावरच भागलेली दिसते.

निळा ओळखण्याची रीत सांगण्याजोगी आहे. राजावर्ताचा रंग त्यातील गंधकाच्या आयनांमुळे येतो, धातूमुळे नव्हे. हातात धरायच्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राला (क्ष-किरण टाकून रंगातील मूलद्रव्ये ओळखणारे साधन) सोडियमसारखी हलकी मूलद्रव्ये नीट दिसत नाहीत, म्हणून तेथे निष्कर्ष उलट वाटेने निघतो : तांबे सापडले नाही, तर अझुराइट (तांब्याचे निळे खनिज) नाही. मग रामन वर्णपटात (लेसर प्रकाश विखुरून पदार्थ ओळखण्याची रीत) ५४८ सेंमी⁻¹ जवळची ठळक रेघ राजावर्ताची खात्री देते. तांबड्यात पारा दिसल्यास हिंगूळ, शिसे दिसल्यास शेंदूर, केवळ लोह असल्यास गेरू, असा ताळा साधारण लागतो. पण यंत्राचे किरण थर भेदून जातात आणि खालच्या मातीतच लोह भरपूर आहे, हे विसरता कामा नये.

वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळल्याचे मॅनेजर सिंग व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते आढळले नाहीत. कीटकांना दूर ठेवणाऱ्या या तंतूंचा अभाव हे अजिंठ्यात कसरीसारख्या कीटकांनी केलेली हानी अधिक असण्याचे एक कारण असावे, असे त्यांचे मत आहे.

क्र. १० मध्ये जुन्या चित्रांच्या शेजारी आणि खांबांवर पाचव्या शतकातील बुद्धप्रतिमा आहेत. त्यामुळे या लेण्यातला नमुना कोणत्या काळचा, हे ठरवल्यावाचून त्याचे विश्लेषण वापरता येत नाही.