‘स्किल’ची मूळ धार

नोकरीच्या अर्जात ‘स्किल्स’च्या रकान्यात आपण एक्सेल, टायपिंग, ड्रायव्हिंग असं काहीबाही भरतो. हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच, तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी व्हायकिंगांनी इंग्लंडमध्ये आणला.

७९३ साली लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांचा कुप्रसिद्ध छापा पडला. पुढच्या शतकात हे लोक इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत शेती करत स्थायिकच झाले. शेजार वाढला, लग्नं जुळली, शब्दांची उसनवारी सुरू झाली.

‘स्किल’ उसना आहे हे ओळखायचं कसं? ध्वनीवरून. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ होऊन गेला होता, म्हणून तिथे शिप, फिश, शोल्डर. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत ‘स्क’ तसाच राहिला, म्हणून स्काय आणि स्किन. गंमत म्हणजे ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हा मुळात एकच शब्द. एक घरात वाढलेला, दुसरा बोटीतून आलेला. ‘स्किल’ घरचा असता, तर आज आपण रकान्यात ‘शिल्स’ भरत असतो!

नॉर्स भाषेत ‘स्किल’ म्हणजे फरक, भेद. हाताच्या कसबाशी त्याचा संबंध नव्हता. त्याचं क्रियापद ‘स्किल्या’, म्हणजे वेगळं करणं. आइसलँडमध्ये ते आजही रोजच्या वापरात आहे. ‘एग स्किल’ म्हणजे ‘मला समजलं’. आणि त्याच क्रियापदावरून घटस्फोटाचाही शब्द बनलाय. समजणं आणि विभक्त होणं एकाच धातूतून! भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात, तेव्हा ‘कापणे’ अशा अर्थाचा इंडो-युरोपीय धातू, म्हणजे युरोपातल्या आणि आपल्याकडच्या अनेक भाषांच्या समान पूर्वज भाषेतला धातू हाती लागतो. शिंपल्याचा ‘शेल’ त्याच कुळातला मानतात.

इंग्रजीतही सुरुवातीला ‘स्किल’चा अर्थ तारतम्य, विवेकबुद्धी असाच होता. शेक्सपिअरकडे ‘इट स्किल्स नॉट’ सापडतं, म्हणजे ‘काही फरक पडत नाही’. मग बुद्धीतला शब्द हळूहळू हातात उतरला. ते पटतंही. सोनार कसोटीच्या दगडावर उमटलेली रेघ पाहून कस सांगतो, तेव्हा त्याचं कसब बोटांत जास्त की फरक ओळखणाऱ्या डोळ्यांत?

इंग्रजीचे घरचे शब्द होतेच. ‘क्राफ्ट’ म्हणजे आधी ताकद, जर्मनमधला ‘क्राफ्ट’ अजूनही तोच अर्थ सांभाळून आहे. ‘कनिंग’ म्हणजे जाणकार. पण ‘क्राफ्टी’ आणि ‘कनिंग’ दोघेही पुढे लबाड झाले. आपणही ‘मोठा कलाकार आहेस हं’ म्हणतो तेव्हा कौतुक करतोच असं नाही.

आता आपला ‘कुशल’ घ्या. कुश गवताचं पातं धारदार, बोट कापू न देता ते खुडून आणणारा तो कुशल, अशी परंपरेतली व्युत्पत्ती. अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणा, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून घेतलेला अर्थ, समजावताना ‘कर्मणि कुशलः’ (कामात कुशल) हेच उदाहरण घेतलं, कारण तिथे गवत कुणी खुडत नसतं. कापण्याचा धागा दोन्हीकडे दिसतो, पण तेवढ्यावरून ‘स्किल’ आणि ‘कुशल’ भाऊ ठरत नाहीत. तसा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका.

अर्थाने ‘स्किल’च्या खरा जवळचा आपला शब्द म्हणजे ‘विवेक’. त्याचा धातू ‘विच्’, वेगळं करणे. नीरक्षीरविवेकातला हंस तेच तर करतो.