लोआनाच्या पायाखालचं घड्याळ

फेब्रुवारी 2023 मध्ये रॅकेल वेल्श गेल्या, तेव्हा त्यांच्यावरच्या लेखांसोबत बहुतेक ठिकाणी तोच एक फोटो झळकला: हरणाच्या कातड्याची बिकिनी, पाय रोवून उभी असलेली तरुणी आणि मागे ओसाड डोंगर. सिनेमा 1966 चा, ब्रिटनच्या हॅमर फिल्म्सचा, ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’. लोआना या भूमिकेच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन वाक्यं, तीही बनावट आदिम बोलीत. पण त्या पोस्टरने वेल्श जगभर पोचल्या. रे हॅरीहाउसेन यांनी छोट्या बाहुल्या फ्रेमगणिक तसूतसूने हलवून डायनोसॉर उभे केले होते. एक टेरॅनोडॉन (हा डायनोसॉर नव्हे, उडणारा सरीसृप) तर लोआनाला चक्क उचलून नेतो.

आता माणूस आणि डायनोसॉर यांची गाठ कधीच पडलेली नाही. पक्षी सोडले तर शेवटचे डायनोसॉर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. आपली जात जेमतेम 3 लाख वर्षांची. सिनेमाच्या नावातल्या दहा लाख वर्षांपूर्वी होता तो होमो इरेक्टस, म्हणजे आपल्या आधीची मानवाची जात, भुवयांवर हाडाचा जाड कंगोरा असलेली. सिनेमात झुंजणारे सेराटोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स यांच्यातही साधारण 8 कोटी वर्षांचं अंतर आहे. त्या हिशेबाने ट्रायसेराटॉप्स आपल्याला जास्त जवळचा. आपण प्राध्यापकांसाठी सिनेमे काढत नाही, असं हॅरीहाउसेन म्हणत, आणि ते मला मान्य आहे. सिनेमाने खुशाल थापा माराव्यात. डोकं फिरतं ते ‘अमुक वास्तू लाखो वर्षं जुनी, कार्बन डेटिंगने सिद्ध’ हा निरोप फॅमिली ग्रुपवर आला की. त्यात मोजतात तो कार्बन-14, कार्बनचा किरणोत्सारी प्रकार; त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ) 5,730 वर्षं. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे तो मोजण्याइतका उरतच नाही, मग लाखो वर्षं सिद्ध कशाने केली?

लाखा-कोटींच्या हिशेबासाठी वेगळी पद्धत लागते, आणि ती माझी फार लाडकी आहे: पोटॅशिअम-आरगॉन. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशिअम अणूंमागे एखादाच पोटॅशिअम-40 असतो. तो किरणोत्सारी, अर्धायुकाल 125 कोटी वर्षं. ऱ्हास होताना शंभरातले सुमारे 89 अणू कॅल्शिअम-40 होतात. उरलेल्या 11 मध्ये केंद्रक अणूतलाच एक इलेक्ट्रॉन गिळतं, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आरगॉन-40 तयार होतो. कॅल्शिअम मोजून उपयोग नाही. खडकात ते आधीपासून रग्गड असतं, त्यातलं नवं कुठलं हे ओळखायचं कसं? आरगॉन मात्र निष्क्रिय वायू, कुणाशी संयोग करत नाही. लाव्हा पातळ आहे तोवर तो निसटून जातो. लाव्हा थिजून स्फटिक झाले, की पुढे जन्मणारा आरगॉन आतच अडकतो. थोडक्यात, लाव्हा थिजला की स्टॉपवॉच शून्यापासून सुरू.

दहा लाख पोटॅशिअम-40 अणू घ्या. दहा लाख वर्षांत त्यांतले साधारण 550 बदलतील, आणि त्यांतून आरगॉन मिळेल फक्त साठेक अणू. 6.6 कोटी वर्षं गेली असतील, तर आरगॉनचे अणू 3,800 च्या वर भरतील. या दोन आकड्यांची गल्लत होणं कठीण.

एक अडचण उरते. हवेतही जवळपास 1 टक्का आरगॉन असतो आणि तो नमुन्यात शिरतो. पण हवेतल्या दर एका आरगॉन-36 अणूमागे आरगॉन-40 चे सुमारे 298 अणू असतात. म्हणून नमुन्यातला आरगॉन-36 मोजायचा, त्याच्या 298 पट वजा करायची, आणि उरेल तो खडकाचा स्वतःचा. आरगॉन-आरगॉन या सुधारित पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोटॅशिअम-39 चा आरगॉन-39 करतात. त्यावरूनच पोटॅशिअम किती ते कळतं, मग ते वेगळं मोजावं लागत नाही. एकाच वायूच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर घेतलं की झालं. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याचं वय ताडूनही पाहता येतं.

हाडांचं वय असं थेट निघत नाही. त्यांच्या खालच्या-वरच्या राखेच्या किंवा लाव्हाच्या थरांचं काढतात. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत 1959 मध्ये पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकींना सापडलेल्या आदिमानवाच्या कवटीचं वय 1961 मध्ये असंच साडेसतरा लाख वर्षं ठरलं. सिनेमाच्या आधी पाच वर्षं! आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही याच कुळातल्या पद्धतींनी 6.6 कोटींच्या आगेमागे आला.

गंमत चित्रीकरणाच्या जागेची. ती कॅनरी बेटं: तेनेरिफे आणि लान्झारोटे. लान्झारोटेवर 1730 ते 1736 असा उद्रेक चालला आणि सुमारे पाव बेट लाव्हाखाली गेलं. म्हणजे दहा लाख वर्षांपूर्वीचं जग म्हणून निवडलेल्या त्या बेटावरचा एवढा खडक थोरल्या बाजीरावांच्या काळातला.

इतक्या कोवळ्या खडकावर ही पद्धत सहसा चालत नाही, कारण आरगॉन साठलेलाच नसतो. त्यात बेसॉल्टमध्ये, म्हणजे अशा काळ्या लाव्हाखडकात, पोटॅशिअमही कमी. पण पोम्पेई गाडणाऱ्या इ.स. 79 च्या उद्रेकात सॅनिडीन नावाचे पोटॅशिअमने भरलेले स्फटिक सापडतात. 1997 मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं आरगॉन-आरगॉन वय प्रसिद्ध केलं: 1,925 वर्षं, 94 वर्षं इकडे-तिकडे. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने लिहून ठेवलेल्या उद्रेकावरून खरं वय निघत होतं 1,918.