गोल फिरतंय की झटके येतायत? बफरिंग आणि फ्रेम ड्रॉप वेगळे कसे ओळखायचे

टीव्हीवर पिक्चर लावला आणि तो नीट चालेना की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नेट स्लो झालंय". मग कोणीतरी उठून राउटर बंद-चालू करतं, कोणीतरी कंपनीला शिव्या घालतं, आणि महिनाभरात मोठा प्लॅन घेतला जातो. एवढं करूनही पिक्चर तसाच अडखळत चालतो, कारण नेट आधीपासूनच ठणठणीत होतं आणि दम लागत होता तो टीव्हीच्या मागे खोचलेल्या, नेटवरून व्हिडिओ दाखवणाऱ्या छोट्या स्टिकला. उलटंही होतं म्हणा, नेट खरंच कमी पडत असतं आणि लोक नवीन बॉक्स विकत आणतात.

हा घोळ होतो कारण आपण दोन्हीला "अडकतंय" असंच म्हणतो. पण आत जे बिघडतं ते अगदी वेगळं आहे. बफरिंगमध्ये व्हिडिओचा डेटा वेळेवर पोचलेलाच नसतो. फ्रेम ड्रॉपमध्ये डेटा पोचलेला असतो, पण तो उलगडून पडद्यावर चित्र काढायला डिव्हाइसला वेळ पुरत नाही, मग ते मधली काही चित्रं (म्हणजे फ्रेम) सरळ गाळून पुढे जातं.

ओळखायचं कसं? आवाज ऐका. बफरिंग असेल तर चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबतात, मध्ये ते गोल चक्र फिरायला लागतं, काही सेकंदांनी दोन्ही परत सुरू होतात आणि मग थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं. फ्रेम ड्रॉप असेल तर आवाज मस्त सलग चालू राहतो, डायलॉग एकही तुटत नाही, फक्त चित्र झटके खात पुढे सरकतं, कॅमेरा बाजूला फिरला की जास्तच जाणवतं, आणि फारच ताण आला तर ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. गोल चक्र मात्र दिसत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी बरेचदा चुकीच्या वस्तूवर होणारा खर्च वाचतो. (ब्लूटूथ हेडफोन किंवा साउंडबारमुळे आवाज मागे पडतो तो प्रकार वेगळा, त्यात चित्र अगदी गुळगुळीत असतं.)

आता बफरिंगबद्दल थोडं. नेटवरून व्हिडिओ तुकड्यातुकड्याने पाठवायची ॲपल कंपनीची एचएलएस ही पद्धत २००९ मध्ये आली, तसंच डॅश नावाचं स्टँडर्ड २०१२ मध्ये, आणि आजचं बहुतेक स्ट्रीमिंग याच पद्धतीने चालतं. व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या क्वालिटीत तयार असतो. प्लेअर पुढचे तुकडे आधीच आणून साठवतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीसारखं, नळाची धार मध्ये बारीक झाली तरी घरात पाणी येत राहतं, टाकी रिकामी झाली की मात्र सगळं बंद. धार बारीक होतेय असं दिसलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या क्वालिटीचा मागवतो, म्हणून चित्र एकदम धूसर होतं, चेहऱ्यांवर चौकोन चौकोन दिसतात. म्हणजे मध्येच धूसर होणं आणि परत स्वच्छ होणं हे बफरिंगच्या आधीचं पाऊल आहे. लोक याला "क्वालिटी खराब" म्हणून वेगळी तक्रार समजतात, पण मूळ एकच.

लाइव्ह मॅच बघताना हे जास्त होतं त्याचं कारणही यातच आहे. पुढचा ओव्हर अजून टाकलाच नाही तर तो आधी साठवणार कुठून, त्यामुळे साठा मुळातच छोटा असतो आणि नेटने जराशी उसंत घेतली की चक्र फिरायला लागतं.

किती स्पीड लागतो? नेटफ्लिक्स १०८०पी साठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, यूट्यूब ४के साठी २० म्हणतं. म्हणजे फार काही लागत नाही. शंभरचा प्लॅन असूनही चक्र फिरत असेल तर प्लॅन दोनशेचा करून काय होणार, पाणी कुठेतरी मध्येच मुरतंय. फोनवर राउटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करणं हा तर निव्वळ टाइमपास आहे, टेस्ट करायची ती टीव्हीवरच, किंवा निदान फोन टीव्हीच्या मागे नेऊन. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे धातूच्या पत्र्याला चिकटून बसलेली असते, वायफाय तिथे पोचेपर्यंत अर्धं होतं. बऱ्याच स्टिकबरोबर छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन केबल येते ती याचसाठी असते, आणि बहुतेक घरांत ती खोक्यातच पडून राहते. ती लावा आणि स्टिक जरा बाहेर लोंबू द्या. शिवाय वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर ५ वर टाकून बघा, २.४ वर शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी असते आणि ब्लूटूथही तिथेच असतं. भिंती जास्त असतील तर मात्र ५ चा सिग्नल लवकर मरतो, तेव्हा बघून ठरवा.

डीएनएस बदला हा सल्ला सगळीकडे मिळतो. डीएनएसचं काम सर्व्हरचा पत्ता शोधून देणं, पिक्चर सुरू झाल्यावर त्याची तशी गरज उरत नाही. क्वचित चुकीच्या डीएनएसमुळे लांबच्या सर्व्हरवरून व्हिडिओ येतो तेव्हा फरक पडतो, नाहीतर मनाचं समाधान.

फ्रेम ड्रॉपची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे, आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. ६० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमचा, व्हिडिओ असेल तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात डिव्हाइसने दाबून भरलेला डेटा उलगडायचा, चित्र तयार करायचं आणि पडद्यावर टाकायचं. ४के असेल तर एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल, १०८०पी च्या चौपट. हे काम साध्या प्रोसेसरला झेपत नाही म्हणून चिपमध्ये त्यासाठी वेगळा डिकोडर असतो, आणि तो ठरावीक कोडेकच (व्हिडिओ दाबून भरायच्या पद्धती) ओळखतो. एच.२६४ हा २००३ चा, तो जवळपास सगळीकडे चालतो. एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही २०१३ चे, एव्ही१ आला २०१८ मध्ये. जुन्या बॉक्समध्ये एव्ही१ चा डिकोडर नसतो, मग ॲपने तोच फॉरमॅट उचलला की सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो आणि झटके सुरू. समजूतदार ॲप आधी डिव्हाइसला विचारून झेपेल तेच मागवतात, पण सगळीच ॲप समजूतदार नसतात.

आणि गंमत म्हणजे चांगल्या नेटमुळे हा त्रास वाढूही शकतो. नेट कमी होतं तेव्हा प्लेअर ७२०पी वर चालत होता आणि बॉक्स ते आरामात काढत होता. प्लॅन मोठा केला, प्लेअरला वाटलं आता काय, ४के ६० एफपीएस घेऊ, आणि बॉक्सच्या नाकीनऊ आले. "नवीन कनेक्शन घेतल्यापासून जास्तच अडकतंय" अशी तक्रार करणाऱ्याकडे लोक वेड्यासारखं बघतात, पण तो खरं बोलत असू शकतो.

डिकोडर चांगला असला तरी अजून दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे उष्णता. तासभर छान चाललं आणि मग झटके यायला लागले, थोडा वेळ बंद ठेवलं की परत ठीक, असं असेल तर स्टिकला हात लावून बघा. चिप तापली की ती स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते. दुसरी म्हणजे वीज. लोक स्टिकला टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून पॉवर देतात, वायर कमी दिसते म्हणून. पण साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी बनलेला असतो आणि बऱ्याच स्टिकना त्याच्या दुप्पट करंट हवा असतो. मग कधी झटके, कधी आपोआप रीस्टार्ट. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतल्या प्लगला लावा, विषय संपला.

अंदाजावर भागत नसेल तर यूट्यूब उघडा, व्हिडिओच्या सेटिंगमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक पाटी येते, बहुतेक लोक ती बघून घाबरून बंद करतात. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. "बफर हेल्थ" म्हणजे पुढचे किती सेकंद साठवलेत. तो आकडा ३०, २२, १४, ६ असा उतरत शून्याकडे गेला आणि मग चक्र फिरलं तर दोष नेटचा किंवा वायफायचा. दुसरी ओळ फ्रेम्सची, तिथे "ड्रॉप्ड" किती आणि एकूण किती असे दोन आकडे असतात. बफर हेल्थ छान ३० च्या आसपास ठाण मांडून बसलंय आणि ड्रॉप्डचा आकडा मात्र प्रत्येक झटक्याबरोबर टकाटक वाढतोय, तर राउटरला हात लावू नका, त्याची काहीच चूक नाही. सुरुवातीला किंवा व्हिडिओ पुढे-मागे केल्यावर दोन-चार फ्रेम सगळीकडेच गळतात, ते सोडून द्या. त्याच पाटीवर कोडेकही लिहिलेला असतो, एव्ही०१ (म्हणजे एव्ही१) दिसला आणि बॉक्स जुना असेल तर संशयित सापडलाच. क्वालिटी ४के वरून १०८०पी केली आणि झटके गेले तर खात्रीच.

ज्या ॲपमध्ये अशी पाटी नाही तिथे पेनड्राइव्हची युक्ती. जवळपास तेवढ्याच क्वालिटीची फाइल पेनड्राइव्हवर टाकून त्याच बॉक्सवर लावा. नेटचा संबंधच नाही, तरी झटके येत असतील तर दोष बॉक्सचाच, बोलायलाच नको.

दोन गोष्टी मात्र या दोन्ही खात्यांत बसत नाहीत, त्या उगाच यांच्या माथी मारल्या जातात. पहिली, पिक्चर २४ एफपीएसचा आणि टीव्ही ६० हर्ट्झचा. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम ३ वेळा, पुढची २ वेळा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा सावकाश फिरताना बारीक, एकसारखी थरथर दिसते. एकही फ्रेम गळालेली नसते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये "मॅच फ्रेम रेट" किंवा तसंच काही असतं ते चालू करायचं. दुसरी, चित्र धूसरच आहे पण अगदी स्थिर धूसर, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, नेट कितीही वाढवा फरक शून्य. इथे बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न असतो. अँड्रॉइड डिव्हाइसला वाइडवाइनचं (व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची यंत्रणा) वरच्या पातळीचं एल१ सर्टिफिकेट नसेल, फक्त खालचं एल३ असेल, तर बरीच पेड ॲप एचडी देतच नाहीत. तसंच ४के साठी सहसा एचडीसीपी २.२ (एचडीएमआय वायरवरची कॉपी रोखणारं कुलूप) लागतं, मध्ये जुना ॲम्प्लिफायर असेल किंवा टीव्हीच्या ज्या पोर्टला ते नाही तिथे वायर खोचली असेल तर ॲप गुपचूप खालच्या क्वालिटीवर उतरतं. आणि हो, सबस्क्रिप्शनच एसडीचं, म्हणजे एचडीहून खालच्या क्वालिटीचं, आहे का तेही एकदा बघा, हसू नका.

एक जागा मात्र अशी आहे जिथे वरच्या सगळ्या खुणा उलट्या पडतात. घरच्याच कॉम्प्युटरवर प्लेक्स किंवा जेलीफिन (स्वतःच्या फाइल टीव्हीला पाठवणारी सर्व्हर सॉफ्टवेअर) लावून तिथून टीव्हीवर बघणारे लोक. इथे चक्र फिरतं, आवाज-चित्र दोन्ही थांबतात, म्हणजे खुणा पक्क्या बफरिंगच्या, पण नेट मध्ये येतच नाही, सगळं घरातल्या घरात. टीव्हीला फाइलचा फॉरमॅट झेपत नसेल तर सर्व्हर चालता चालता ती फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देतो, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि सर्व्हर दुबळा असेल तर त्याचं बदलणं तुमच्या बघण्याच्या मागे पडतं. टीव्ही वाट बघत बसतो. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर "डायरेक्ट प्ले" (फाइल न बदलता जशीच्या तशी) लिहिलंय की "ट्रान्सकोड" ते बघा. डायरेक्ट प्ले असूनही अडकत असेल आणि टीव्ही लॅन केबलवर असेल तर त्याचा लॅन पोर्ट बघा, बऱ्याच टीव्हींचा तो १०० एमबीपीएसचाच असतो आणि ४के ब्लूरेवरून जशीच्या तशी काढलेली फाइल मध्येच त्याच्या वर उसळी मारते. अशा वेळी केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाकलं की चक्क सुधारतं, ऐकायला विचित्र वाटलं तरी. आणि ट्रान्सकोड दिसत असेल तर आधी सबटायटल बंद करून बघा. ब्लूरेचे सबटायटल अक्षरं नसून चित्रं असतात, टीव्हीवरच्या ॲपला ती दाखवता येत नसली की सर्व्हर ती व्हिडिओवर छापून पाठवतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. त्याऐवजी साध्या अक्षरांतल्या सबटायटलची एसआरटी फाइल टाकली की बरेचदा तोच व्हिडिओ त्याच टीव्हीवर डायरेक्ट प्ले होतो.