मॅलमचा कडा आणि जमिनीखाली गेलेली नदी

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानात मॅलम नावाचे एक लहानसे गाव आहे. गावातून उत्तरेला निघालेली पायवाट एका ओढ्याच्या काठाने, कोरड्या दगडी बांधांनी विभागलेल्या कुरणांमधून जाते आणि साधारण पाऊण मैलावर एका कड्यापाशी येऊन थांबते. सुमारे 80 मीटर उंच आणि 300 मीटर रुंद असा हा चुनखडकाचा कडा आतल्या बाजूला अर्धवर्तुळाकार वळलेला आहे. त्याला मॅलम कोव्ह म्हणतात. पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत वाटते की एवढी भिंत कोसळणाऱ्या पाण्यानेच कोरलेली असणार. आणि तरीही कड्याच्या माथ्यावरून पाण्याचा थेंबही पडत नाही. ओढा आहे, पण तो कड्याच्या पायथ्याशी, एका बुटक्या फटीतून, जवळजवळ आवाज न करता बाहेर येतो. वर कोरडी भिंत आणि खाली वाहते पाणी हे कोडे सोडवण्यासाठी मॅलमचा सारा परिसर पायी हिंडावा लागतो, आणि माझ्या मते इंग्लंडमधल्या भूदृश्यांपैकी इतक्या थोड्या अंतरात इतके काही समजावून सांगणारी जागा विरळाच.

सुरुवात खडकापासून करावी लागते. सुमारे 33 ते 34 कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस कालखंडात, आजच्या यॉर्कशायरची भूमी विषुववृत्ताच्या जवळ होती आणि तिच्यावर उबदार, उथळ, स्वच्छ समुद्र पसरलेला होता. त्या समुद्रातील प्रवाळ, समुद्रलिली आणि कवचधारी प्राण्यांचे अवशेष तळाशी साचत गेले आणि त्यांचाच जाड, फिकट करडा चुनखडक बनला. आजही दगडी बांधांतले दगड जवळून पाहिले, तर समुद्रलिलींच्या देठांच्या चकत्या त्यांत दिसतात. पुढे क्रेव्हन विभंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भेगांच्या पट्ट्यावर खडक सरकले, दक्षिणेकडचा भाग खाली गेला आणि उत्तरेकडे उंच उतार उरला. मॅलम कोव्हचा कडा मुळात या विभंगरेषेवर होता. वरून पडणाऱ्या पाण्याने तो झिजत झिजत काही शे मीटर उत्तरेकडे मागे सरकला, असे भूवैज्ञानिक मानतात.

चुनखडकाचा स्वभाव समजला की पुढच्या बहुतेक गोष्टी उलगडतात. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. या सौम्य आम्लाने त्याचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते आणि ते पाण्याबरोबर वाहून जाते. खडकात मुळातच उभ्या सांध्यांची आणि आडव्या थरांची जाळी असते. पाणी त्या सांध्यांत शिरते, त्यांना रुंद करते, आणि रुंद झालेल्या फटीतून आणखी पाणी शिरते. सह्याद्रीच्या बेसाल्टची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे वेगळे आहे. बेसाल्टची झीज होते, तो तडकतो, त्याची माती होते, पण तो पाण्यात असा विरघळत नाही. म्हणूनच आपल्याकडे पाऊस पडला की घाटमाथ्यावरून शेकडो धबधबे कोसळू लागतात, तर मॅलमच्या माथ्यावर पडलेला पाऊस बघता बघता दगडाच्या पोटात नाहीसा होतो.

कोव्हच्या डाव्या अंगाने बांधलेल्या दगडी पायऱ्या माथ्यावर जातात. वर पोहोचल्यावर समोर येतो तो दगडी फरसबंदीसारखा उघडा पृष्ठभाग. इथे घाईने पुढे जाऊ नये. सपाट, गुळगुळीत शिळांना तिथले लोक क्लिंट म्हणतात आणि त्यांच्यामधल्या खोल, अरुंद भेगांना ग्राइक. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थराने या खडकावरची माती आणि सैल दगड खरवडून नेले आणि थर उघडा पाडला. त्यानंतर पाण्याने सांध्यांच्या रेषा धरून भेगा खोल केल्या. त्यांतले बरेचसे काम उघड्यावर नव्हे, तर मातीच्या आवरणाखाली झाले असावे, कारण मातीतून झिरपणारे पाणी अधिक आम्लधर्मी असते. शिळांच्या कडांना जी गोलाई आणि पन्हळी दिसतात, ती याच विरघळण्याची खूण आहे.

एखाद्या भेगेपाशी गुडघे टेकून आत डोकावले, तर वरच्या पठारापेक्षा अगदी निराळे जग दिसते. वर वारा सतत वाहत असतो आणि मेंढ्या हिरवे पान दिसेल तिथे खातात, त्यामुळे गवताखेरीज फारसे काही टिकत नाही. भेगेत मात्र ओल आहे, सावली आहे आणि मेंढीचे तोंड पोहोचत नाही. तिथे हार्ट्स टंग नावाच्या नेच्याची लांब, अखंड, चकचकीत पाने वाढतात. डॉग्स मर्क्युरी आणि वूड ॲनिमोनी यांसारख्या, एरवी जुन्या दाट जंगलाच्या जमिनीवर आढळणाऱ्या वनस्पतीही सापडतात. एका हाताएवढ्या रुंदीच्या फटीत जंगलाच्या तळाचे हवामान टिकून राहते, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. भेगेच्या तोंडाशी कोरडेपणा सोसणारी शेवाळे आणि दगडफुले, थोडे खाली नेचे आणि तळाशी साचलेल्या मातीत फुलझाडे, अशी उतरंड एकाच भेगेत दिसू शकते.

फरसबंदीच्या मागे, उत्तरेकडे, वॉटलोज नावाची दरी आहे. तिच्या दोन्ही बाजू उभ्या आहेत, ती नदीसारखी वळणे घेते, आणि तिच्यात नदी नाही. पाणी दगडात मुरत असेल, तर जमिनीवर ही दरी कोरली कोणी? उत्तर थंडीत आहे. हिमयुगाच्या अखेरीस, 12,000 वर्षांहून अधिक पूर्वी, बर्फ वितळू लागला तेव्हा जमीन खोलवर गोठलेली होती आणि खडकाच्या भेगा बर्फाने बंद झालेल्या होत्या. वितळलेल्या पाण्याला आत शिरायला जागाच नव्हती. ते पृष्ठभागावरून लोंढ्याने वाहिले, त्याने वॉटलोजची दरी कोरली आणि कोव्हच्या कड्यावरून ते खाली कोसळले. तो धबधबा उंचीने आजच्या नायगाराहून मोठा होता. पुढे हवा तापली, भेगांतला बर्फ गेला, आणि नदी जमिनीखाली निघून गेली.

नदी नेमकी कुठे जाते, हे वॉटलोजच्या वरच्या बाजूला पाहता येते. समुद्रसपाटीपासून 377 मीटर उंचीवर मॅलम टार्न नावाचे तळे आहे. चुनखडकाच्या प्रदेशात तळे असणे हेच नवलाचे. पण ते चुनखडकावर नाही. त्याच्याखाली सिल्युरियन काळातला, पाणी न मुरू देणारा पाटीसारखा दगड आहे आणि हिमनदीने आणून टाकलेल्या गाळाने त्याला बांध घातला आहे. तळ्यातून निघालेला ओढा दक्षिणेकडे थोडेसे अंतर वाहतो आणि चुनखडकावर पोहोचताच दगडधोंड्यांमध्ये जिरून जातो. या जागेचे नावच वॉटर सिंक्स असे आहे. भर ओढ्याच्या काठाने चालत असता पाणी पातळ होत जाते, खड्यांमध्ये पसरते आणि संपते. ते वाहून गेले कुठे, हे डोळ्यांना सांगता येत नाही.

हेच पाणी कोव्हच्या पायथ्याशी बाहेर येत असणार, असा कोणाचाही अंदाज होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमधल्या अभ्यासकांनी तो तपासून पाहिला. पाण्यात रंग आणि क्षार मिसळायचे, किंवा तळ्याचा दरवाजा उघडून एकदम लोंढा सोडायचा, आणि खालच्या कोणत्या झऱ्यात त्याचा परिणाम दिसतो याची नोंद ठेवायची, अशी त्यांची पद्धत होती. निष्पन्न झाले ते अनपेक्षित होते. तळ्याचे पाणी मुख्यतः कोव्हला वळसा घालून, गाव ओलांडून, गावाच्या दक्षिणेला असलेल्या एअर हेड या झऱ्यांतून बाहेर येते. कोव्हच्या पायथ्याचा ओढा मात्र मुख्यतः पश्चिमेकडे, शिसे वितळवण्याच्या जुन्या भट्टीजवळ जमिनीत शिरणाऱ्या दुसऱ्याच प्रवाहाचा आहे. दोन्ही प्रवाहांचे मार्ग जमिनीखाली एकमेकांना ओलांडतात. पृष्ठभागावर सरळ दिसणारी दरी आणि तिच्याखालची पाण्याची वाट यांचा संबंध इतका तुटलेला असू शकतो, हे मला या परिसरातले सर्वांत मोलाचे ज्ञान वाटते, कारण चुनखडकाच्या प्रदेशात एका जागी टाकलेली घाण कोणत्या गावाच्या झऱ्यात निघेल, हे नकाशावरून ठरवता येत नाही.

6 डिसेंबर 2015 रोजी डेस्मंड वादळाच्या अतिवृष्टीत मात्र जमिनीखालच्या वाटा अपुऱ्या पडल्या. मुरून घेण्याच्या क्षमतेपलीकडचे पाणी वॉटलोजच्या कोरड्या दरीतून वाहत आले आणि कोव्हच्या माथ्यावरून खाली पडले. हयात असलेल्या कोणाच्याही आठवणीत असे घडले नव्हते. धबधबा अल्पकाळच टिकला, परंतु हिमयुगातल्या पाण्याची वाट अजून मोकळी आहे, हे त्याने दाखवून दिले.

गावाच्या ईशान्येला गॉर्डेल स्कार ही घळ आहे. कुरणातून जाणारी साधी वाट एका वळणावर अचानक 100 मीटरहून उंच भिंतींमध्ये शिरते. ही कोसळलेली गुहा असावी असे पूर्वी मानले जाई. आता तीही वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरली, असे मत अधिक मान्य आहे. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने 1812 ते 1814 या काळात या घळीचे भव्य चित्र काढले. ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे असून त्याची रुंदी चार मीटरहून अधिक आहे. वैज्ञानिक दृष्टीने मात्र धबधब्याच्या अंगावरचा पिवळसर, सच्छिद्र दगड अधिक पाहण्याजोगा आहे. चुना विरघळवून आणलेले पाणी इथे फेसाळते, त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन शेवाळावर बसतो. या दगडाला तुफा म्हणतात. खाली जॅनेट्स फॉस या छोट्या धबधब्यावरही त्याचा जाड पडदा तयार झाला आहे.

खडक किती वेगाने विरघळतो, याचा अंदाज घ्यायचा असेल, तर मॅलमपासून पश्चिमेला सुमारे 15 किलोमीटरवरील नॉर्बर इथे जावे. हिमनदीने तिथे सिल्युरियन काळातल्या गडद दगडाचे मोठमोठे गोटे चुनखडकावर आणून ठेवले. त्यांतले काही आज चुनखडकाच्या बुटक्या चौथऱ्यांवर उभे आहेत, कारण गोट्याखालचा भाग पावसापासून वाचला आणि भोवतालचा पृष्ठभाग खाली गेला. गोटे तिथे येऊन सुमारे 17 ते 18 हजार वर्षे झाली असावीत आणि बरेच चौथरे गुडघ्याच्याही खालच्या उंचीचे आहेत. ती सगळी उंची केवळ विरघळण्यामुळे निर्माण झाली, असे सर्वच अभ्यासक मानत नाहीत. तरी हजार वर्षांना काही सेंटीमीटर हे प्रमाण ढोबळमानाने ध्यानात येते. याउलट फरसबंदीच्या शिळा बागेतल्या सजावटीसाठी उखडून विकल्या जात, तेव्हा हजारो वर्षांचे काम काही तासांत संपत असे. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार अशा फरसबंदीला संरक्षण देण्याची तरतूद झाली.

मॅलम, कोव्ह, टार्न आणि गॉर्डेल अशी फेरी एका दिवसात आरामात पूर्ण होते. ओल्या फरसबंदीवर पाय घसरतो आणि भेगा घोट्याहून खोल असतात, म्हणून पाऊस थांबल्यावर थोडा वेळ जाऊ देणे बरे. गॉर्डेलमधून वर जाण्यासाठी धबधब्याशेजारचा तुफा चढावा लागतो; पाणी जास्त असेल तर तो प्रयत्न करू नये, आल्या वाटेने परतून बाजूच्या रस्त्याने वर जावे. वसंतात कोव्हच्या कड्यावर बहिरी ससाण्याची जोडी घरटे करते. त्या वेळी कड्याच्या पायथ्याशी दुर्बीण घेऊन उभे राहिल्यास पक्षी आणि खडकाचे थर, दोन्ही एकाच नजरेत पाहता येतात.